मिसळीच्या पाटीला हाताचं अक्षर

भाच्याने मिसळीची गाडी टाकली आणि पाटी अर्थातच मामाच्या गळ्यात पडली. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करण्यात माझी वीस वर्षं गेली, पण घरचं गिऱ्हाईक सगळ्यात कटकटीचं. त्याला ‘हातानं लिहिल्यासारखं, जरा मस्तीचं’ अक्षर हवं होतं. मजकूर : साताऱ्याची झणझणीत मिसळ.

मी दोन फॉन्ट घेतले, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट. ‘मिसळ’ला ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’, बाकी ओळींना इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’. मोदक नावासारखाच गुबगुबीत. त्याच्या अक्षरांच्या पोटात फट उरते ती जेमतेम रेघेएवढी, म्हणून तो मोठाच वापरायचा. भाव लिहायला घेतलात तर डाग दिसतील. त्याचं वजन, म्हणजे रेघेची जाडी, एकच आहे. वर बोल्डचं बटण दाबलं की आहे ती फटही बुजते. कलम स्केचपेनने लिहिल्यासारखा, मुळातच तिरका. त्याला पुन्हा इटॅलिक केलं तर अक्षर पडायला आल्यासारखं दिसतं.

आधी ‘साताऱ्याची’ टाइप करून बघा. साधा र घेतलात तर य वर रफार चढतो. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ : ऱ्य.

आता माझी चूक. पाटी चार फूट रुंद आणि ‘मिसळ’ तीनच अक्षरांची. जागा भरायला मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं. इंग्रजीत हे खपतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. स्क्रीनवर घाईत लक्षात आलं नाही. छापून आल्यावर ताई म्हणाली, “हे तीन वेगळे पदार्थ आहेत का रे?” फ्लेक्सचे पैसे माझ्या खिशातून गेले. शब्द रुंद हवा असेल तर पॉइंट, म्हणजे अक्षराचा आकार, वाढवा, अंतर शून्यच ठेवा. ओळींमध्ये मात्र जागा सोडा. कलमला मी दीडपट देतो, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

लाल अक्षराला पिवळी कड द्यायची तर थेट देऊ नका. देवनागरीत एका अक्षराची शिरोरेषा पुढच्यात थोडी घुसलेली असते, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर पिवळी उभी रेघ उमटते. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू करून कर्व्ह करा, म्हणजे अक्षराचं चित्र होतं, सगळे तुकडे वेल्ड करून एकसंध करा, मग कड द्या. त्याआधी शुद्धलेखन दोनदा वाचा, कर्व्ह झालेला शब्द दुरुस्त होत नाही.

‘झणझणीत’मध्ये झ दोनदा येतो आणि दोन्ही हुबेहूब सारखे, हाताने लिहिणाऱ्याचे असे कधी येत नाहीत. वेल्ड केल्यावर दुसऱ्या झची शेपटी नोड (रेघेवरचा ठिपका) धरून मी किंचित खाली ओढली.

भाच्याला ते अजून दिसलेलं नाही. त्याला आता चहाचीही पाटी हवी आहे.