दमा असेल तर आवराआवर उशीपासून

रात्री तीनच्या सुमारास छातीत शिट्टी वाजायची आणि मी उठून बसायचे. दोष द्यायचे बाहेरच्या धुळीला. खिडक्या घट्ट लावल्या, माळा उपसला, पडदे धुतले. उशी मात्र तीच, सहा वर्षं जुनी. मग हातावर टोचून ॲलर्जीची तपासणी झाली आणि धूळकिड्यांच्या अर्काच्या थेंबाखाली टचकन गांध उठली.

हे किडे पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. चावत नाहीत, आपल्या त्वचेचा कोंडा खाऊन गादी-उशीत सुखाने नांदतात. बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. ॲलर्जी असलेल्याच्या श्वासनलिका तिने सुजतात, आवळतात, वर चिकट कफ धरतो.

म्हणून आधी अंथरूण. गादी-उशीला पूर्ण झाकणारी, चेनची, घट्ट विणीची खोळ घाला. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्यात मळ निघतो, किडे बरेचसे तगतात. मुलांची मऊ खेळणी पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवाच, कारण मेलेल्या किड्यांची घाण आतच असते. नुसत्या खोळीवर माझं भागलं नाही, हेही सांगते.

किड्यांना दमट हवा लागते, बुरशीलाही. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा. भिंतीवर काळे ठिपके दिसले तर आधी ओल कुठून येते ते शोधा. आम्ही वरून रंग मारला होता. ठिपके पुन्हा आले.

झुरळांची विष्ठा आणि लाळही दमा उठवते. फवाऱ्याच्या वासानेच धाप लागते, त्यापेक्षा जेल लावा, खरकटं रात्रभर ठेवू नका. मांजरामुळे त्रास होतो का, हे तिला आठवडाभर दुसरीकडे ठेवून कळत नाही. तिच्या लाळेतलं, कातडीतलं प्रथिन घरात कित्येक महिने टिकतं.

कोरडा झाडू नको, ओलं फडकं फिरवा. ते काम दुसऱ्याने केलं तर उत्तम; तुम्ही अर्धा तास खोलीबाहेर.

खोळी आल्यावर मी शहाणपणा करून रोजचा इनहेलर बंद केला. नवव्या रात्री पुन्हा तीन वाजता खिडकीशी बसले होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सोडू नका. आणि एक वाक्य सलग बोलवेनासं झालं, तर साफसफाईचा विचार न करता थेट दवाखाना गाठा.