ड्रोनसाठी सुरक्षित आकाश: हवाई क्षेत्र नियोजनात करिअर कसे घडवावे

ड्रोन कौशल्याने उडवणे हे एक काम आहे, आणि प्रवासी विमाने, हेलिकॉप्टर व ग्लायडर वापरतात त्याच आकाशात ड्रोनना सुरक्षितपणे सामावून घेण्याची व्यवस्था आखणे हे त्याहून वेगळे काम आहे. हा लेख दुसऱ्या कामाविषयी आहे. एखादे उड्डाण सुरक्षित का मानावे, हे पुराव्यानिशी लिहून मांडता येते का, यावरच या क्षेत्रात माणसाची पारख होते.

अभियांत्रिकी, हवाई वाहतूक नियंत्रण, वैमानिकी, कायदा किंवा सांख्यिकी यांपैकी कोणत्याही वाटेने येथे येता येते, त्यामुळे पदवीच्या नावाची फार चिंता करू नये. अभ्यासाची सुरुवात मात्र मूळ नियमांपासून करावी. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या आठव्या कलमाने विनावैमानिक विमानाला दुसऱ्या देशावरून उडण्यासाठी त्या देशाची खास परवानगी आवश्यक ठरवली. म्हणजे हा प्रश्न आजच्या ड्रोनपेक्षा कितीतरी जुना आहे. याच कराराची उड्डाणाचे नियम, हवाई वाहतूक सेवा आणि सुरक्षितता व्यवस्थापन यांविषयीची अनुक्रमे दुसरी, अकरावी आणि एकोणिसावी परिशिष्टे वाचावीत.

त्यानंतर दोन तांत्रिक अडचणी मुळापासून समजून घ्याव्यात. पहिली अशी की, समोरचे विमान डोळ्यांनी पाहून टाळणे हे वैमानिकाचे कर्तव्य असते. दृष्टीपलीकडे गेलेल्या ड्रोनमध्ये ते डोळेच नसतात आणि त्यांची जागा रडार, कॅमेरा किंवा इतर विमानांच्या रेडिओ संकेतांनी भरून काढावी लागते. परंतु प्रत्येक ग्लायडर किंवा पॅराग्लायडर असे संकेत प्रसारित करतोच असे नाही, म्हणून पडद्यावर काही दिसत नाही याचा अर्थ आकाश मोकळे आहे असा कधीही धरू नये. दुसरी अडचण उंचीची आहे. विमाने हवेच्या दाबावरून उंची मोजतात, तर ड्रोन अनेकदा उड्डाणस्थळापासूनची किंवा उपग्रहांवरून काढलेली उंची सांगतो. उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत कित्येक ठिकाणी वीस-तीस मीटरांचे किंवा त्याहूनही जास्त अंतर असते. लहान ड्रोनसाठी अनेक देशांनी सुमारे १२० मीटरची मर्यादा घातलेली असताना एवढा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आता प्रत्यक्ष सराव. ‘जारुस’ या नियामकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तयार केलेली ‘सोरा’ ही जोखीम मूल्यांकनाची पद्धत मोफत उपलब्ध आहे. विरळ वस्तीतून जाणाऱ्या पाइपलाइनची तपासणी यांसारखे एखादे काल्पनिक उड्डाण निवडावे आणि त्याचे संपूर्ण मूल्यांकन लिहून काढावे. ड्रोनचा आकार, वेग व खालची लोकवस्ती यांवरून जमिनीवरील जोखीम ठरते; उंची, विमानतळाचे सान्निध्य आणि हवाई क्षेत्राचा प्रकार यांवरून हवेतील जोखीम ‘ए’ ते ‘डी’ या चार वर्गांत बसते. दोन्ही एकत्र केल्यावर एक ते सहा यांपैकी एक पातळी मिळते, आणि पातळी जितकी वरची तितका पुरावा भक्कम द्यावा लागतो. ‘धडकेची शक्यता कमी आहे’ असे वाक्य लिहिल्यावर ते कोणत्या नोंदींच्या आधारे लिहिले, हे तिथेच नमूद करावे. नवशिक्यांचे बहुतेक मसुदे याच ठिकाणी कोसळतात असे माझे ठाम मत आहे.

धोरणाची बाजू यापुढची आहे. ड्रोनना वेगळा पट्टा राखून देणे सोपे असते, पण त्याने इतरांचे आकाश आक्रसते. खऱ्या एकत्रीकरणासाठी माहितीची देवाणघेवाण लागते. ‘यू-स्पेस’ म्हणजे ड्रोन वाहतुकीसाठी डिजिटल सेवा पुरवले जाणारे ठरावीक हवाई क्षेत्र; युरोपात जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा क्षेत्रात नेटवर्कवरून ड्रोनची ओळख, भौगोलिक मर्यादांची माहिती, उड्डाण मंजुरी आणि वाहतूक माहिती या चार सेवा अनिवार्य केल्या आहेत. त्या सेवांचा खर्च कोणी उचलावा आणि बिघाड झाल्यास जबाबदारी कोणाची, असे प्रश्न धोरणकाराच्या टेबलावर येतात.

नियामक संस्था, हवाई वाहतूक सेवा देणाऱ्या संस्था, ड्रोन उत्पादक आणि सल्लागार कंपन्या येथे ही पदे असतात. पहिली नोकरी शक्यतो अशा ठिकाणी घ्यावी, जिथे इतरांचे परवानगी अर्ज तपासायला मिळतील. अर्ज करताना प्रमाणपत्रांसोबत वर सांगितलेले लेखी मूल्यांकन जोडावे, आणि त्यातील कोणती गृहीतके अजून तपासायची आहेत तेही त्यात स्पष्ट लिहावे.