जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक बिघडलंय? मोटर बदलायच्या आधी हे बघा

गाडी जुनी झाली की सेंट्रल लॉकचा त्रास कधी ना कधी सुरू होतोच. एखादा दरवाजा लॉकच होत नाही, किंवा लॉक होतो पण उघडत नाही, किंवा चारही लॉक होतात आणि लगेच परत उघडतात, आणि मग ज्याला विचारावं तो म्हणतो मोटर गेली, नवीन टाका. माझं म्हणणं एवढंच आहे की मोटरचा नंबर सगळ्यात शेवटी लावा. आधी करंट मोटरपर्यंत पोचतोय का ते बघायचं, मग दरवाजाचं कुलूप हाताने मोकळं हलतंय का ते बघायचं, आणि ही दोन्ही कामं ठीक निघाली तरच मोटरवर खर्च करायचा. कारण वायर तुटलेली असेल किंवा कुलूप सुकून जाम झालं असेल तर नवीन मोटर टाकूनही काही फरक पडत नाही, किंवा थोडे दिवस चालतं आणि जाम कुलूप ओढून ओढून नवीन मोटरही दमते.

आधी थोडक्यात हे चालतं कसं ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. प्रत्येक दरवाजात एक छोटी १२ व्होल्टची मोटर असते, तिला प्लास्टिकचे गिअर असतात आणि ती एक रॉड पुढे-मागे ढकलते, तो रॉड कुलपाची पट्टी हलवतो. मोटरला मुख्य वायरी दोनच. लॉक करताना एका वायरीत प्लस आणि दुसरीला अर्थ, अनलॉक करताना बरोबर उलटं. आणि हा करंट सतत नसतो, अर्धा-एक सेकंदाचा झटका असतो फक्त. ड्रायव्हरच्या दरवाजात मात्र जास्त वायरी असतात कारण तिथे आत एक स्विच पण असतो, तो कंट्रोल युनिटला सांगतो की मी लॉक झालो, आता बाकीच्यांना पण कर. (काही जुन्या मर्सिडीजमध्ये मोटरऐवजी व्हॅक्यूमवर चालणारं लॉक असतं, तिथे हवा कुठून गळते ते शोधावं लागतं, ती गोष्टच वेगळी, त्यामुळे इथे धरलेली नाही.)

आता पहिलं काम, आणि याला एकही पाना लागत नाही. इंजिन बंद, टेप बंद, काचा खाली, एकाला आत बसवून लॉकचं बटण दाबायला सांगा आणि तुम्ही एकेका दरवाजाला कान लावा. आवाज ऐकूनच बरंच कळतं. काहीच आवाज नाही म्हणजे करंट येत नाही किंवा मोटर पूर्ण मेली. बारीक "टक" होतं पण खुंटी (खिडकीपाशी वर-खाली होणारं लॉकचं बटण) हलत नाही म्हणजे मोटर जोर लावतेय पण कुलूप जाम आहे, किंवा व्होल्टेज कमी पोचतंय. नुसता "घर्र" फिरल्याचा आवाज येतो आणि काही हलत नाही म्हणजे गिअरचे दात गेले किंवा रॉड निसटलाय. हे करताना सारखं सारखं बटण दाबत बसू नका, बऱ्याच मोटरींच्या आत गरम झाल्यावर करंट अडवणारा भाग असतो, त्यामुळे चांगली मोटरही थोडा वेळ गप्प बसते आणि आपण समजतो ती गेली. चार-पाच वेळा दाबलं की जरा थांबा.

सगळ्याच दरवाजांचं लॉक चालत नसेल तर एकही दरवाजा खोलत बसू नका. फ्यूज बघा, कोणता ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा फ्यूज बॉक्सच्या झाकणावर असतं, आणि नुसता डोळ्यांनी नाही, मल्टीमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं मीटर) लावून बघा. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा टाका, मोठा अजिबात नाही, आणि तो पण लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक वायर बॉडीला घासतेय असं समजा. मग बॅटरी. पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली असेल तर लॉक सुस्त होणारच. रिमोटने होत नाही पण बटणाने किंवा चावीने होतं, तर दरवाजाचा काही संबंध नाही, रिमोटचा सेल बदला, बऱ्याच रिमोटमध्ये ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो पण झाकण उघडून त्यावरचा नंबर बघूनच आणा. आणि मागचा दरवाजा फक्त आतून उघडत नसेल तर आधी चाइल्ड लॉकची छोटी पट्टी बघा, दरवाजाच्या कडेला असते, ती चुकून सरकलेली असते आणि लोक पूर्ण दरवाजा खोलतात.

लॉक होऊन लगेच उघडतंय, हा प्रकार वेगळा. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा नीट लागलेला नसेल तर सिस्टीम मुद्दाम परत उघडते, चावी आत राहू नये म्हणून. तेव्हा आधी दरवाजा उघडा असल्याचा दिवा विझतोय का बघा. तो विझत असेल तर संशय ड्रायव्हरच्या दरवाजातल्या त्या स्विचवर, कुलूप शेवटपर्यंत सरकत नाही म्हणून स्विच अजून "उघडंच आहे" असं सांगत राहतो. पावसात किंवा गाडी धुतल्यावर लॉक आपोआप खाली-वर होतात, तर बहुतेक त्या स्विचमध्ये पाणी शिरतंय.

एकाच दरवाजाचं लॉक चालत नसेल तर सगळ्यात आधी बिजागरीकडे जा. दरवाजा आणि बॉडीच्या मध्ये जी रबरी नळी असते ना घड्या घड्यांची, तिच्यातून सगळ्या वायरी जातात आणि दरवाजा जितक्या वेळा उघडतो तितक्या वेळा त्या वाकतात. ड्रायव्हरचा दरवाजा सगळ्यात जास्त उघडतो त्यामुळे तिथे हे जास्त होतं. आधी एक सोपी टेस्ट, दरवाजा हळूहळू उघड-बंद करत मध्येच लॉकचं बटण दाबत राहायचं, एखाद्या ठरावीक कोनात लॉक चाललं की समजा वायर इथेच तुटली आहे. मग नळीचं एक टोक बोटांनी सोडवा (ओढून फाडू नका, कडेची खाच असते त्यातून दाबून काढायचं) आणि एकेक वायर दोन बोटांत धरून हलकी ओढा. चांगली वायर ताठ लागते. तुटलेली वायर बाहेरून अगदी चांगली दिसते, पण ओढली की तिचं प्लास्टिक रबरासारखं लांबतं, कारण आतलं तांबं तुटलेलं असतं आणि नुसतं कव्हर उरलेलं असतं. कापून बघितलं तर तांबं काळं किंवा हिरवट पडलेलं दिसेल. मला या एका जागेबद्दल जास्त बोलायचंय कारण इथे मिळालेला बिघाड हा थोड्या वायरीचं आणि तासाभराच्या वेळाचं काम आहे, आणि तरी हीच जागा सगळ्यात शेवटी बघितली जाते.

जोडायचं कसं, ते पण नीट ऐका. बॅटरीची निगेटिव्ह काढा (जुन्या काही टेपना त्यानंतर कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा). तुटलेला तुकडा दोन्ही बाजूंनी चांगलं चकचकीत तांबं येईपर्यंत मागे कापा आणि मध्ये त्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर टाका, थोडी सैल राहील इतकी लांब. जोड नळीच्या आत येऊ देऊ नका, एक जोड दरवाजाच्या आत आणि दुसरा बॉडीच्या आत. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि वाकण्याच्या ठिकाणी आली तर तिच्या शेजारीच वायर परत तुटते, म्हणून हे. वायरी जास्त असतील तर सगळे जोड एकाच जागी घेऊ नका, पुढे-मागे ठेवा, म्हणजे गाठ होत नाही. त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह, साधी टेप उन्हात सुटून चिकट होते.

वायर चांगली निघाली तर मग पॅड, म्हणजे दरवाजाचं आतलं पुठ्ठ्याचं कव्हर, काढावं लागेल. काच पूर्ण वर ठेवा. पॅडचे स्क्रू हँडलच्या मागे, हात टेकवायच्या जागेखाली, छोट्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेले असतात, सगळे सापडल्याशिवाय जोर लावायचा नाही. काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे तारेची क्लिप असते, एक फडकं हँडल आणि पॅडच्या मध्ये घालून दोन्ही टोकं धरून घासा, क्लिप बाहेर येते, पण उडते, तेव्हा दुसरा हात वर धरा. मग खालून सुरुवात करून प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने एकेक क्लिप सोडवायची, पट्टी क्लिपच्या अगदी जवळ घालायची नाहीतर पुठ्ठा फाटतो. पॅड एकदम ओढू नका, मागे स्विचचे आणि स्पीकरचे कपलर (वायरी जोडायचे प्लग) असतात. दरवाजात एअरबॅग असेल तर बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलाय तितका वेळ थांबल्याशिवाय पॅडला हात लावू नका, आणि पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा असतो, त्यात टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा दोन वायरींचा छोटा बल्ब) घालायचा नाही. आतल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, हातमोजे घाला.

आता मोटरचा कपलर काढा, बॅटरी जोडा आणि मोटरच्या दोन वायरींमध्ये टेस्ट लॅम्प लावून बटण दाबायला सांगा. लॉकला पण आणि अनलॉकला पण दिवा क्षणभर पेटला पाहिजे. इथे मी मल्टीमीटरपेक्षा दिव्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण झटका इतका छोटा असतो की मीटरवर आकडा नीट दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, दिवा मात्र मंद पेटतो आणि खरं सांगतो. दिवा पेटलाच नाही तर तीच टेस्ट बॉडीच्या बाजूला, नळीच्या अलीकडे करा. तिथे पेटला आणि दरवाजात नाही, म्हणजे परत ती नळीच.

करंट येतोय तरी लॉक हलत नाही, तर मोटरचा रॉड कुलपापासून सोडवा आणि कुलपाची पट्टी बोटाने हलवा. एका बोटाने सहज खाली-वर झाली पाहिजे. जड लागली तर आत जुनं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं आहे. क्लीनर मारून, पट्टी हलवत हलवत ते सगळं धुवून काढा, पुसा, सुकू द्या आणि मग पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा. नुसता डब्ल्यूडी-४० मारून सोडून देऊ नका, त्याने त्या दिवशी मोकळं होतं पण ते ग्रीस नाही, टिकत नाही. रॉडच्या टोकाची प्लास्टिक क्लिप पण बघा, जुनी झाली की तडकते आणि रॉड निसटतो, तारेने बांधण्यापेक्षा नवीन क्लिप टाका.

हे सगळं करूनही नाही, तर हो, मोटर. बाहेर काढून फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरीवर क्षणभर टेकवून बघा, उलट-सुलट दोन्ही, धरून ठेवू नका, जळेल. मेलेली असेल तर शक्यतो त्याच गाडीची घ्या. बाजारातली युनिव्हर्सल लावणार असाल तर एक लक्षात ठेवा, ड्रायव्हरच्या दरवाजाला पाच वायरवाली लागते आणि बाकीच्यांना दोनवाली, ड्रायव्हरला दोनवाली लावली तर तो एकटाच लॉक होईल आणि बाकीचे त्याच्या मागे येणार नाहीत. तिचा रॉड जुन्या रॉडच्या सरळ रेषेत बसवा, तिरका बसला की जोर वाया जातो. लावल्यावर हा दरवाजा बाकीच्यांच्या उलट चालला, म्हणजे ते लॉक होताना हा उघडला, तर घाबरू नका, दोन वायरी अदलाबदल करा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दरवाजा लगेच आपटून बंद करू नका. तो उघडा असतानाच स्क्रू ड्रायव्हरने कुलपाचा कॅच बंद स्थितीत ढकला, जसा दरवाजा लागल्यावर असतो तसा, आणि मग लॉक, अनलॉक, आतलं हँडल, बाहेरचं हँडल, चावी, सगळ्याने एकेकदा कॅच सुटतो का ते बघा. काही राहिलं असेल तर ते इथे कळेल, आणि बंद झालेला दरवाजा पॅडसकट उघडणं हे खरंच फार वाईट काम आहे. बाहेरचं हँडल ओढून कॅच परत मोकळा करायला विसरू नका, नाहीतर दरवाजा लावताना तो बॉडीवरच्या खटकीवर आपटेल.

पॅड लावायच्या आधी आतला प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवा, फाटला असेल तर नवीन कापून लावा. काचेवरून आत आलेलं पाणी खाली जावं आणि पॅडकडे येऊ नये म्हणून तो असतो, तो फेकून दिला की पुठ्ठा फुगतो आणि स्विचमध्ये पाणी जातं. दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर पाणी साठून दरवाजाही सडेल आणि मोटरही. नवीन वायर काचेच्या वाटेत येत नाही ना, ते काच पूर्ण खाली-वर करून बघा आणि वायर टायने बांधा. मग पॅड बसवा, आणि पहिल्यांदा दरवाजा बंद कराल तेव्हा काच खाली आणि चावी खिशात ठेवा.