आचमनातली चोवीस नावं अर्थासकट पाठ कशी करायची

घरी गणपती बसतो किंवा सत्यनारायण असतो तेव्हा गुरुजी सांगतात "आचमन करा", मग केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः म्हणत तीनदा पळीभर पाणी प्यायचं, गोविंदाय नमः ला ताम्हणात सोडायचं आणि हात जोडून बसायचं, इथवर सगळ्यांना येतं. त्यापुढची वीस नावं मात्र इतक्या फास्ट जातात की कानावर नुसतं नमः नमः पडतं. मला मनापासून वाटतं की ही नावं कळून घ्यावीत, कारण त्यातलं प्रत्येक नाव ही विष्णूला मारलेली वेगळी हाक आहे, आणि आपण कुणाला काय म्हणून हाक मारतोय हे माहीत असलं की पूजेत मन आपोआप थांबतं.

चोवीसच्या चोवीस एकदम पाठ करायला बसू नका. बारा, चार आणि आठ असे तीन तुकडे करा.

पहिली बारा सगळ्यात सोपी, कारण ती आपल्या मराठी महिन्यांना जोडलेली आहेत. सुरुवात मार्गशीर्षापासून, मार्गशीर्ष केशव, पौष नारायण, माघ माधव, फाल्गुन गोविंद, चैत्र विष्णु, वैशाख मधुसूदन, ज्येष्ठ त्रिविक्रम, आषाढ वामन, श्रावण श्रीधर, भाद्रपद हृषीकेश, आश्विन पद्मनाभ आणि कार्तिक दामोदर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ता कुठला महिना चालू आहे ते बघा आणि त्याच नावापासून सुरू करा, महिनाभर रोज दिवा लावताना तेवढं एकच नाव अर्थ मनात आणून म्हणा, पुढच्या महिन्यात पुढचं. वर्षभरात बारा नावं अशी बसतात की पुसली जात नाहीत. घाई असेल तर आठवड्याला एक घ्या, पण दिवसाला एक नको.

अर्थ कसा लक्षात ठेवायचा? नुसता शब्दार्थ पाठ करू नका, त्यामागची गोष्ट धरा. दामोदर घ्या, दाम म्हणजे दावं आणि उदर म्हणजे पोट. भागवतात दहाव्या स्कंधात आहे, यशोदा चिडून कृष्णाला उखळाला बांधायला जाते तर दावं दोन बोटं कमी पडतं, ती दुसरं जोडते तरी दोन बोटं कमी, घरातली सगळी दावी जोडली तरी तेवढंच कमी, ती घामाघूम होते, केसातली फुलं गळतात, आणि आईची ही दमछाक बघून मग तो स्वतःच बांधून घेतो. ही गोष्ट एकदा नीट वाचा, मग दामोदराय नमः नुसतं तोंडाने म्हणणं जमणारच नाही. (गोव्यात जांबावलीचा दामोदर मात्र शंकराचं रूप मानतात हो, नाव तेच आणि भक्ती पण तेवढीच.)

बाकीची पटापट सांगतो. केशव म्हणजे सुंदर केसांचा, किंवा घोड्याच्या रूपात आलेल्या केशी दैत्याला मारणारा. नारायणातलं नार म्हणजे पाणी, त्यावर ज्याचा निवास तो. माधव म्हणजे मा, लक्ष्मी, तिचा पती. गोविंद हे नाव गोवर्धन उचलल्यानंतर इंद्राने अभिषेक करून दिलं, गायींचा राखणदार. विष्णु सगळीकडे व्यापून असलेला, मधुसूदन मधु दैत्याला मारणारा. त्रिविक्रम आणि वामन एकाच गोष्टीतले, बुटका बटू आला आणि तीन पावलांत सगळं मोजून गेला, आणि विष्णूची ती तीन पावलं थेट ऋग्वेदातसुद्धा आहेत. श्रीधर लक्ष्मीला धारण करणारा, पद्मनाभ म्हणजे ज्याच्या बेंबीतून कमळ उगवलं तो. हृषीकेश हा हृ नेच लिहा आणि म्हणा, हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा मालक, ऋषींशी आणि केसांशी त्याचा संबंध नाही.

मधली चार एकाच घरातली आहेत म्हणून एका दमात येतात. संकर्षण म्हणजे बलराम, वासुदेव स्वतः कृष्ण, प्रद्युम्न त्याचा मुलगा, अनिरुद्ध नातू.

शेवटची आठ म्हणजे पुरुषोत्तम, अधोक्षज, नारसिंह, अच्युत, जनार्दन, उपेंद्र, हरि, श्रीकृष्ण. इथे बरेच जण अडखळतात. पुरुषोत्तम हा अधिक महिन्याचा देव, जावयाला तेहतीस अनारसे देतात ना तोच महिना, 2023 मध्ये अधिक श्रावण होता तेव्हा घरोघरी झालं असेल. अधोक्षज तोडून म्हणा, अधोक्-षज, डोळे-कान-नाक यांच्या पकडीत न येणारा. उपेंद्र इंद्राचा धाकटा भाऊ, म्हणजे परत वामनच. जनार्दन म्हणजे लोक ज्याच्याकडे मागणं मागतात तो, नाथांच्या अभंगात शेवटी एका जनार्दनी येतं ते त्यांच्या गुरूंचं, जनार्दनस्वामींचं नाव, पण म्हणताना देवाचंही होतंच. हरि म्हणजे पाप, दुःख हरण करणारा.

आणि अच्युत. आपल्या जागेवरून कधी न ढळणारा. गीता उघडून बघा, पहिल्या अध्यायात अर्जुन पहिल्यांदा तोंड उघडतो तेव्हा माझा रथ मधोमध उभा कर अच्युता असं म्हणतो, आणि अठराव्यात माझा मोह गेला हे शेवटचं बोलतो तेव्हाही अच्युतच म्हणतो. मधे त्याचे हातपाय गळाले, धनुष्य सुटलं, विश्वरूप बघून तो थरथर कापला, आणि हाक मारली ती न ढळणाऱ्याला. मला चोवीसातलं हे नाव सगळ्यात जवळचं आहे, कठीण दिवस असला की हेच म्हणतो.

म्हणताना दोन गोष्टी सांभाळा. सगळीकडे आय नमः लावू नका, विष्णवे नमः आणि हरये नमः असं रूप होतं. आणि पाणी तळहातावर उडीद बुडेल इतकंच घ्या, अंगठ्याच्या मुळाकडून प्यायचं, सुर्र आवाज न करता. आचमन करत नसाल तरी काही अडत नाही, ही नावं बाईमाणूस, लहानथोर सगळ्यांची आहेत, वारकरी रामकृष्णहरी म्हणतात त्यात यातली दोन आलीच.

पाठ झाली का बघायचं असेल तर विष्णूच्या देवळात जा. शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत चोवीस प्रकारे धरता येतात आणि प्रत्येक क्रमाचं एक नाव आहे. ग्रंथाग्रंथांत थोडा फरक सापडतो, पण केशवाचा क्रम पद्म, शंख, चक्र, गदा असा. देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरू करून वर जायचं, मग डावा वरचा आणि शेवटी डावा खालचा. दापोलीजवळ आसूदचा केशवराज किंवा रत्नागिरीकडे कोळिसऱ्याचा लक्ष्मीकेशव बघायला गेलात की गाभाऱ्यापुढे दोन मिनिटं थांबून हात वाचा, बरोबर मुलं असतील तर त्यांना वाचायला लावा, त्यांना ते फार आवडतं आणि नाव कायमचं लक्षात राहतं.