जुना कूलर घेताना, देताना

सेवाभावी संस्थेच्या जुन्या सामानाच्या दुकानातला लोखंडी कूलर रंग मारून चकाचक दिसतो, पण पाणी भरलं की टाकी गळते. नागपूरच्या मे महिन्यात हे परवडत नाही. दिवाळीनंतरच घ्या, नीट बघायला वेळ मिळतो.

१. ताट्या (बाजूच्या गवत भरलेल्या जाळ्या) काढून टाकीत टॉर्च मारा. कोपरे अंगठ्याने दाबा. गंजाचा पोपडा निघाला तर सोडून द्या.
२. पंखा तिथेच लावून बघा. पंप बंद असला तरी चालेल, तो स्वस्तात बदलतो.

देणार असाल तर टाकी कोरडी करा, स्टँड आणि सुटे नट-बोल्ट पिशवीत घालून आतच बांधा. स्टँडशिवाय कूलर घेणाऱ्याला वेगळा खर्च पडतो.

पाणी भरण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्याच. लोखंडी कूलरचा शॉक जिवावर बेततो.