कुप्रसिद्ध माणसाच्या भावाची नोंद तपासताना

चरित्रनोंदींतील तपशील पडताळण्याच्या कामात जे नव्याने येतात, त्यांना मी सरावासाठी आल्बर्ट गोरिंगची नोंद देते. नाझी राजवटीतील बडा नेता हर्मन गोरिंग याचा हा धाकटा भाऊ नाझी पक्षात कधीच गेला नाही, आणि त्याने ज्यूंना व इतर छळग्रस्तांना मदत केल्याच्या कथा आज ठिकठिकाणी वाचायला मिळतात. दुष्ट भाऊ आणि सज्जन भाऊ ही जोडी वाचकाला इतकी भावते की पुरावा मागायचेच राहून जाते.

सुरुवात जन्मापासून करावी. आल्बर्टचा जन्म ९ मार्च १८९५ चा. त्याचा खरा पिता ज्यू वंशाचा कुटुंबमित्र हर्मन फॉन एपेनश्टाइन होता, असे चेहऱ्यातील साम्यावरून सांगितले जाते. परंतु आई १८९३ पासून १८९४ च्या मध्यापर्यंत पतीबरोबर हैतीत राहत होती, हे पाहिल्यावर ती शक्यता बरीच कमी होते. अशा गोष्टीची नोंद वदंता म्हणूनच करावी.

खरे कष्ट पुढे आहेत. युद्धानंतर अमेरिकनांच्या कैदेत असताना आल्बर्टने आपण वाचवलेल्या ३४ व्यक्तींची यादी लिहून दिली, आणि चौकशी करणाऱ्यांना ती स्वतःला निर्दोष ठरवण्याची चतुर खटपट वाटली. त्यांच्या संशयाला मी दोष देत नाही, कारण कैद्याने स्वतःविषयी दिलेला जबाब कोणीही तपासूनच घ्यावा. यादीत संगीतकार फ्रांत्स लेहार यांच्या ज्यू पत्नीचे नाव होते, आणि पुढे चौकशीवर आलेला अधिकारी व्हिक्टर पार्कर तिचाच भाचा निघाल्याने त्या एका नावाला दुजोरा मिळाला. माझ्या मते त्याहून वजनदार साक्ष प्रागमधली आहे, जिथे अमेरिकनांकडून चेकोस्लोव्हाकियाच्या ताब्यात गेल्यावर त्याच्यावर खटला चालला: युद्धकाळात आल्बर्ट ज्या श्कोडा कारखान्याचा निर्यातप्रमुख होता, तिथले लोक त्याच्या बाजूने बोलले आणि १९४७ मध्ये तो सुटला. जर्मन अंमल सोसलेल्या चेक लोकांना गोरिंग आडनावाच्या माणसाला वाचवण्यात कसलाच लाभ नव्हता.

तरीही नाझींनी केलेल्या ज्यू संहाराची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने पुरेशा मूळ पुराव्याअभावी त्याला ज्यूंना वाचवणाऱ्या इतरधर्मीयांसाठीचा आपला सन्मान दिलेला नाही. म्हणून ‘त्याने ३४ जणांना वाचवले’ असे सरसकट न लिहिता ‘३४ जणांना वाचवल्याचे त्याने लिहून दिले’ असे लिहावे, आणि ज्या नावाला स्वतंत्र साक्ष सापडेल, त्या नावापुढे ती जोडत जावी.