ऐंशी-नव्वदीतल्या माणसाचा ईसीजी: काढून घेण्यापासून समजून घेण्यापर्यंत

पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसाचा ईसीजी पूर्णपणे ‘नॉर्मल’ आला तर ते नवलच म्हणायचं. वयाबरोबर ठोका सुरू करणाऱ्या पेशी कमी होतात, विद्युत संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंच्या जागी निबर ऊतक येतं, झडपांच्या मुळाशी कॅल्शियम साठतं. त्यामुळे पट्टीवर काहीतरी वेगळं दिसतंच. घाबरायचं की नाही हे तीन गोष्टींवरून ठरतं: बदल नवा आहे का, त्याने त्रास होतोय का, आणि तो एखाद्या औषधाने झालाय का. पुढची सगळी तयारी या तीन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांच्या हाती देण्यासाठी आहे.

जाण्याआधी

जुना ईसीजी शोधून बरोबर घ्या. पाच वर्षांपूर्वीचा असला तरी चालेल. आज दिसणारा ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाच्या वाटेवरचा अडथळा) तेव्हाही होता, एवढं कळलं तरी पुष्कळ धावपळ वाचते. बरेच ईसीजी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापले जातात आणि ऊन, ऊब किंवा प्लास्टिकच्या पाकिटाने ते पुसट होत जातात. म्हणून पट्टी हातात पडली की त्याच दिवशी मोबाईलवर सपाट, सावली न पडता फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा.

चालू औषधांची यादी करा, त्यात डोळ्यांचे थेंब विसरू नका. काचबिंदूसाठी दिला जाणारा टिमोलॉल डोळ्यातून रक्तात उतरतो आणि नाडी मंद करू शकतो. विस्मरणासाठीच्या डोनेपेझिलचंही तसंच. हे दोन्ही चालू असताना वरून मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन ही ठोका मंदावणारी औषधं असतील, तर नाडी मंद होण्याचं कारण बऱ्याचदा त्या यादीतच सापडतं.

पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड न्या आणि तंत्रज्ञाला आधीच सांगा.

काढताना

पाच मिनिटं शांत पडू द्या, अंगावर पांघरूण असू द्या. थंडीने कुडकुडलं की पट्टीवरची रेषा थरथरते. पार्किन्सनचा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो, म्हणजे मिनिटाला साधारण ३००. साधारण याच गतीने ॲट्रिअल फ्लटरच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अतिवेगवान लयीच्या) लाटा दिसतात, त्यामुळे गफलत होऊ शकते. अशा वेळी हात मांड्यांखाली दाबून ठेवायला सांगावं किंवा हातापायांचे इलेक्ट्रोड खांद्याकडे आणि मांडीकडे सरकवावेत. मात्र जागा बदलल्याची नोंद पट्टीवर हवी.

पाठीला बाक असेल किंवा सपाट झोपल्यावर दम लागत असेल तर उशाकडची बाजू उंच करा, पण किती उंच केली तेही पट्टीवर लिहून घ्या. पुढच्या वेळी तशाच स्थितीत काढलेला ईसीजीच तुलनेला उपयोगी पडतो.

छातीवरच्या सहा इलेक्ट्रोडपैकी पहिले दोन चौथ्या बरगडी-फटीत, उरोस्थीच्या उजव्या आणि डाव्या कडेला लागतात. सर्वांत जास्त चूक इथेच होते: ते एक-दोन फटी वर लागतात आणि यंत्र ‘जुना हार्ट ॲटॅक असावा’ असं छापून मोकळं होतं. चौथा इलेक्ट्रोड पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली उतरणाऱ्या रेषेवर येतो. स्त्रियांमध्ये तो सहसा स्तनाखाली लावतात. या वयात त्वचा पातळ असते, म्हणून चिकट इलेक्ट्रोड ओढून काढू नका. कडा ओल्या करून हळूच सोडवा.

पट्टी हातात आल्यावर

कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असतो, म्हणजे लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२ सेकंदाचा. ठोके समान अंतरावर असतील तर ३०० ला दोन ठोक्यांमधल्या मोठ्या चौकोनांच्या संख्येने भागा, आली नाडी. अंतर कमीजास्त असेल तर १० सेकंदांच्या पट्टीवरचे ठोके मोजून ६ ने गुणा.

मग छापलेले तीन आकडे बघा. पीआर, म्हणजे संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंदांपेक्षा थोडा जास्त असेल आणि त्रास नसेल तर सहसा नुसतं लक्ष ठेवतात. क्यूआरएस, म्हणजे संदेश खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, १२० किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा संदेश वाहणाऱ्या डाव्या किंवा उजव्या शाखेत अडथळा असतो. इथला ‘ब्लॉक’ विजेच्या वाटेवरचा आहे, रक्तवाहिनीतला नव्हे. घरोघरी यावरून अँजिओप्लास्टीची चर्चा सुरू होते. मात्र असा अडथळा आणि शुद्ध हरपून पडणं एकत्र आलं, तर तपासणी लांबणीवर टाकू नका.

तिसरा आकडा क्यूटीसी: ठोक्याचा संदेश खालच्या कप्प्यांत पसरून ते पुन्हा पूर्ववत होईपर्यंतचा वेळ (क्यूटी), नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला. ५०० च्या पुढे गेला तर जीवघेण्या वेगवान ठोक्यांचा धोका वाढतो. हॅलोपेरिडॉल, सिटालोप्रॅम, ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑनडॅनसेट्रॉन, डॉमपेरिडोन ही औषधं तो लांबवतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम खाली गेलं की भर पडते. उलट्या-जुलाबांत वृद्ध माणसाला यातली दोन औषधं एकाच वेळी मिळणं सहज घडतं, तेव्हा आधीची यादी दाखवल्याशिवाय नवीन गोळी सुरू करू नका.

अनियमित नाडी सापडली तर

या वयात ईसीजीतून मिळणारी सर्वांत मोलाची माहिती हीच. ठोक्यांना कसलाच ताल नाही आणि प्रत्येक ठोक्याआधीची छोटी लाट गायब, म्हणजे ॲट्रिअल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. पक्षाघाताचा धोका मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत ७५ वर्षं पूर्ण होताच वयाचेच २ गुण धरतात, म्हणून बहुतेकांना रक्त पातळ करणारं औषध सुचवलं जातं.

‘वय झालंय, ॲस्पिरिन पुरे’ ही समजूत नुकसान करते. ॲस्पिरिन या गुठळीपासून फारसं वाचवत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र ठेवतं. पडण्याची भीती हेसुद्धा औषध टाळायला बहुधा पुरेसं कारण नसतं. आधी पडण्याची कारणं शोधावीत. डोस मात्र नीट तपासून घ्या. ॲपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.५ मिलिग्रॅम/डेसिलिटर किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तरच तो २.५ वर आणतात. नुसत्या वयाकडे बघून डोस निम्मा केला तर संरक्षणही घटतं. म्हणून वजन आणि क्रिएटिनिनचा ताजा आकडा जवळ ठेवा.

घरी काय करायचं

आठवड्यातून एकदा मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं तर अनियमितपणा निसटतो. फिब्रिलेशन असेल तर रक्तदाब लागोपाठ तीनदा घेऊन सरासरी लिहा. आणि फिब्रिलेशन असलेल्या माणसाची नाडी अचानक मंद आणि घड्याळासारखी नियमित झाली, तर सुधारणा झाली असं धरून चालू नका. पूर्ण ब्लॉक (वरच्या कप्प्यांचा संदेश खाली मुळीच न पोहोचणं) किंवा डिगॉक्सिनचा अतिरेक असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

उठताना भोवळ येत असेल तर पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर दोष औषधांचा किंवा पाणी कमी पडल्याचा असू शकतो. अधूनमधूनच शुद्ध हरपत असेल तर १० सेकंदांचा ईसीजी ते पकडणार नाही. रोजच्या त्रासाला २४ तासांचा हॉल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) पुरतो, क्वचितच्या त्रासाला त्वचेखाली बसवायचा रेकॉर्डर लागतो.

हृदयविकाराचा दहा वर्षांचा धोका सांगणारी गणितं बहुतेक ७९ वर्षांपर्यंतच्या लोकांसाठी बनवलेली आहेत. त्यात ८८ टाकून मिळालेल्या टक्केवारीवर गोळ्या वाढवू नका. सत्तरीपुढच्यांसाठी ‘स्कोअर-२ ओपी’ हे वेगळं साधन आहे, तेही ८९ पर्यंतच.

या वयात हार्ट ॲटॅक छातीत न दुखताही येतो. अचानक दम लागणं, घाम सुटणं, एकाएकी बरळणं, कारण नसताना गळून जाणं, शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि जुन्या ईसीजीचा फोटो असलेला मोबाईल बरोबर घ्या.